स्पिनिंग रीळचं हॅण्डल डावीकडून उजवीकडे घ्यायचंय, पण निघतच नाही

नवशिकी
नमस्कार मंडळी. भावाने त्याचं जुनं स्पिनिंग रीळ मला देऊन टाकलंय. हॅण्डल डावीकडे आहे आणि मी पक्की उजव्या हाताची. डाव्या हाताने गुंडाळायला लागले की काठीचं टोक गोल गोल डोलतं आणि आमिषही तसंच नाचतं. म्हणून हॅण्डल उजवीकडे घ्यायचं ठरवलं. उजव्या बाजूला एक काळी टोपी होती, ती बोटांनीच निघाली. मला वाटलं आत स्क्रू असेल, पण नुसतं आटे असलेलं भोक दिसतंय. मग हॅण्डललाच आटे असतील असं समजून ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं, सगळे स्क्रू तसेच सुटतात ना? तर ते सुटत नाही, नुसता रोटर (स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळतो तो भाग) फिरत राहतो. जोर लावायची भीती वाटते.
आणखी एक. बाजू बदलली की दोरी सगळी काढून उलट्या दिशेने परत भरावी लागते का? स्पूलवर गच्च भरलेली आहे.

भरतीओहोटी
माझ्या रीळला टोपीच्या जागी मोठं चपटं बटण आहे, नाणं बसेल अशी खाच असलेलं. ते सोडवलं की हॅण्डल सळसळत बाहेर येतं. तुमचं वेगळं दिसतंय. जाणकार येतीलच.

उलटा_आटा
ताई, जोर लावला नाहीत ते बरं केलंत. तुम्ही ते सोडवत नव्हता, घट्ट करत होता.

स्पिनिंग रीळमध्ये हॅण्डल बसवायच्या दोन पद्धती असतात. भरतीओहोटी यांच्याकडे आहे ती आरपार दांड्याची. हॅण्डलचा चौकोनी किंवा षटकोनी दांडा मधल्या मोठ्या गिअरच्या पोकळीतून आरपार जातो आणि पलीकडून स्क्रू लावून तो आवळतात. तो स्क्रू काढला की झालं. तुमच्याकडे दुसरी पद्धत आहे. यात हॅण्डलच्या दांड्यालाच आटे असतात आणि ते थेट गिअरमध्ये पिळून बसतं. पलीकडे असते ती फक्त पाणी-वाळू आत जाऊ नये म्हणून लावलेली टोपी.

आता मुद्दा आट्यांच्या दिशेचा. रीळ काठीखाली लटकवून गुंडाळताना हॅण्डल वरच्या बाजूने पुढे जातं, खालून मागे येतं. हे डावीकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरणं झालं. उजवीकडून बघितलं तर तेच फिरणं घड्याळाच्या दिशेने दिसेल. आटे साधे ठेवले असते तर डावीकडचं हॅण्डल गुंडाळता गुंडाळता सुटून हातात आलं असतं. म्हणून गिअरच्या डाव्या तोंडाला उलटे आटे पाडतात आणि उजव्या तोंडाला सुलटे. कुठल्याही बाजूला लावा, गुंडाळाल तसं ते आवळत जातं.

त्यामुळे घड्याळ विसरा. जिकडे गुंडाळतो तिकडे घट्ट, त्याच्या उलट सैल. दोन्ही बाजूंना हेच लागू.

काढायची रीत: रीळच्या पोटाखाली किंवा मागे छोटी खिट्टी असेल तर ती चालू करा, म्हणजे रोटर मागे फिरणार नाही. बऱ्याच नव्या रीळांना ही खिट्टी नसतेच, ती कायम अडलेलीच असतात. मग हॅण्डल गुंडाळण्याच्या उलट दिशेने फिरवा. रोटर अडकेल आणि हॅण्डल सुटायला लागेल. खिट्टी बंद असेल तर रोटरही मागे फिरत राहील आणि तुम्ही दिवसभर फिरवत बसाल.

दोरीला हातही लावू नका. बाजू बदलली तरी गिअर त्याच दिशेने फिरतो, रोटर त्याच दिशेने फिरतो, दोरी तशीच गुंडाळली जाते. बदलतो फक्त तुमचा हात.

नवशिकी
बापरे, इतकं सोपं करून सांगितलंत! खिट्टी सापडली, ती बंदच होती. आता उलट फिरवलं तर रोटर अडतोय, पण हॅण्डल तसूभरही हलत नाही. भाऊ समुद्रावर जायचा आणि रीळ धुवायचा कंटाळा करायचा हे सांगायला हवं.

गाळ_आणि_शेवाळ
पक्कड लावा, सुटेल.

उलटा_आटा
पक्कड लावू नका. हॅण्डलला घडी घालायचा सांधा असतो ना, पहिला तोच वाकतो.

घड्याळजी
खाऱ्या पाण्यात ही नेहमीची रड. हॅण्डलचा दांडा एका धातूचा, गिअर दुसऱ्या, त्यात मिठाचं पाणी. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात चिकटून राहिले की त्यातला एक हळूहळू खाल्ला जातो आणि आट्यांत पांढरी भुकटी साठते. हॅण्डल बाहेर आलं की तुम्हाला ती दिसेलच.

असं करा. आधी हॅण्डलच्या मुळाशी, जिथे दांडा रीळमध्ये शिरतो तिथे, कोमट पाण्याची धार हळू सोडा. मीठ विरघळायला ती पुरते. मग पुसून, वाळवून तिथेच गंज सोडवायच्या तेलाचा एक थेंब. उजवीकडची टोपी काढलीच आहे तर त्या भोकातून आणखी एक थेंब आत जाऊ द्या. जास्त नको. हे तेल पातळ असतं आणि आत पसरतं. रोटरच्या खाली त्याला मागे फिरू न देणारं एक बेअरिंग असतं, त्यातल्या बारीक रोलरना पकड घ्यायला जवळजवळ कोरडी जागा लागते. तेल तिथपर्यंत पोचलं तर ते निसटायला लागतं. मग मासा ओढतोय आणि हॅण्डल उलटं गरगरतंय असा प्रकार होतो. रीळ रात्रभर आडवं ठेवा, हॅण्डलची बाजू वर.

सकाळी रोटर धरताना त्याचे दोन्ही जाड हात मुठीत धरा, बेलची, म्हणजे दोरी स्पूलवर नेणारी उघडझाप होणारी तार धरू नका. ती वाकली की दोरी नीट बसत नाही. हॅण्डल टोकाच्या मुठीला धरून न फिरवता मुळाजवळ कापड गुंडाळून धरा. झटका द्यायचा नाही. सावकाश दाब वाढवत न्यायचा, कारण तुमचा सगळा उलटा जोर त्या रोलर बेअरिंगवरच येतो. नाहीच सुटलं तर हेअर ड्रायरने दांड्याच्या आजूबाजूचा भाग नुसता कोमट करा. गरम नको, अंग प्लॅस्टिकचं असेल तर वाकडं होईल.

भरतीओहोटी
वाचनखूण साठवली. अवांतर: हा रोलरचा प्रकार मला माहीतच नव्हता. मी रीळला तेल पाजत असतो.

घड्याळजी
बहुतेक लोक पाजतात. लाइन रोलरला (बेलवर दोरी सरकते ती छोटी चाकी) एक थेंब, हॅण्डलच्या मुठीला एक थेंब, गिअरला ग्रीस. बाकी ठिकाणी रीळ तहानलेलं नसतं.

डावखुरा
धाग्याला थोडं वेगळं वळण देतो. नवशिकीताई, हॅण्डल बदलायच्या आधी विचारतो, खरंच बदलायचंय का? तुम्ही उजव्या हाताच्या आहात म्हणूनच ते डावीकडे असायला हवं.

उजव्या हाताने फेकता, आमिष पाण्यात पडतं, काठी त्याच हातात राहते आणि डावा हात गुंडाळायला लागतो. हॅण्डल उजवीकडे घेतलं तर उजव्याने फेकून काठी डाव्या हातात द्यावी लागणार, मग उजवा मोकळा. या देवाणघेवाणीत दोरी क्षणभर सैल पडते. आमिष खाली बुडत असतानाच मासे खूपदा झडप घालतात, आणि नेमकं तेव्हा तुमचे दोन्ही हात काठीच्या बदलीत गुंतलेले असतात.

मी डावखुरा. डाव्याने फेकतो, हॅण्डल उजवीकडे. माझ्याकडची सगळी स्पिनिंग रीळं मी पहिल्याच दिवशी बदलतो, कारण पेटीतून ती डावीकडे हॅण्डल लावूनच येतात.

जुनं_खोड
असहमत. मी उजवा, गुंडाळतोही उजव्यानेच, आणि माझं काही अडलेलं नाही. हात बदलायला डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा वेळ लागतो. आमिष हवेत असतानाच काठी डाव्या हातात जाते. दमदार मासा लागला की तासन्‌तास गुंडाळायचं काम डाव्या हाताला झेपत नाही.

डावखुरा
हवेत असतानाच काठी बदलली तर फेकीच्या शेवटी दोरीला बोट कुठलं लावता? आमिष कुठे पडावं ते त्याच बोटाने ठरतं.

जुनं_खोड
डाव्या हाताचं. सवयीचा भाग आहे. :)

उलटा_आटा
दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या मासेमारीबद्दल बोलताय. हलकं आमिष, मनगटाने सतत टिचक्या द्यायच्या, चावा बोटाला कळला पाहिजे, तर काठी चांगल्या हातात हवी. आमिषाला जीव काठीच आणते, हॅण्डल फक्त सैल दोरी गोळा करतं. जड साहित्य, खोल पाणी, काठी पट्ट्याला किंवा होडीच्या खोबणीत टेकवलेली आणि दोरी नुसती खेचून आणायची, तर ताकदीचा हात हॅण्डलवर हवा. होडीवरून मोठ्या माशांसाठी वापरतात ती आडवी जड रीळं म्हणूनच बहुतेक उजव्या हॅण्डलची असतात.

नवशिकीताई, तुमच्या टोक डोलण्याबद्दल. ते डाव्या हातामुळे होतंय असं वाटतं, पण बहुधा काठी सैल धरल्यामुळे होतंय. रीळचा पाय मधल्या दोन बोटांच्या फटीत घ्या आणि काठीची मागची मूठ कोपराखाली टेकवा. मग डाव्या हाताने हॅण्डल खांद्यातून न फिरवता मनगटातून फिरवा. आमिष न लावता, टोकाला एक बारीक वजन बांधून सावकाश सराव करा. डावा हात वाटतं त्यापेक्षा लवकर शिकतो.

तरीही उजवीकडेच हवं असेल तर खुशाल घ्या. दुखरा खांदा, जुनं मनगटाचं दुखणं, किंवा नुसतं तसं बरं वाटतं, एवढं कारणही पुरे.

शिंपला
मध्येच विचारते. माझे यजमान रीळ काठीच्या वर ठेवून, म्हणजे काठी उलटी धरून गुंडाळतात. तसं केलं की हॅण्डल आपोआप उजवीकडे येतं, बदलायची कटकट नाही असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे का?

उलटा_आटा
:D नाही हो. तसं धरल्यावर हॅण्डल उजवीकडे येतं खरं, पण मग ते स्वतःकडे, मागच्या बाजूने फिरवावं लागतं. स्पिनिंग रीळ लटकण्यासाठीच बनवलेलं असतं, पायाचा आणि वजनाचा तोल तसाच धरलेला असतो. वर ठेवलं की ते सारखं कलंडू बघतं आणि मनगट आखडतं. हॅण्डल बदलायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी हे समजावण्यात घालवला असेल.

शिंपला
अगदी तेवढाच. आता हा धागाच दाखवते त्यांना.

गाळ_आणि_शेवाळ
बेटकास्टिंगचं काय? माझ्याकडे बसकं बेटकास्टर आहे, म्हणजे स्पूल आडवं असलेलं रीळ, उजवं हॅण्डल. स्पिनिंगसारखा हॅण्डलचा दांडा कुठल्याही बाजूने बसवता येत नाही का?

घड्याळजी
नाही. बेटकास्टर बदलता येत नाही, त्याच्या मागे लागू नका. स्पिनिंगमध्ये गिअर मधोमध बसतो, दोन्ही बाजूंना बेअरिंग आणि दोन्ही तोंडं उघडी. बेटकास्टरमध्ये हॅण्डलच्या बाजूच्या झाकणात सगळं कोंबलेलं असतं: मोठा गिअर, त्याच्यावर ड्रॅगच्या (मासा ओढतो तेव्हा दोरी अडवत अडवत सोडणारा ब्रेक) चकत्या, बाहेर ड्रॅगचं चांदणीचं चाक, पिनियन म्हणजे लहान गिअर, स्पूल मोकळं सोडणारा क्लच. दोरी इकडून तिकडे नेणारी खिट्टीही तिथूनच चालते. दुसऱ्या बाजूला फेकीचे ब्रेक. डावं बेटकास्टर हे उजव्याचं आरशातलं रूप असतं, सगळे भाग वेगळे.

म्हणून घेतानाच बघून घ्यायचं. ‘डावं मॉडेल’ म्हणजे हॅण्डल डावीकडे, डावखुऱ्या माणसासाठी असा अर्थ नाही. शिमानोच्या क्युराडोमध्ये २०० हे उजवं, २०१ डावं. आबू गार्सियाच्या अँबॅसडरमध्ये ६५०० उजवं, ६५०१ डावं. दाइवा मॉडेलच्या नावामागे डाव्यासाठी ‘एल’ लावते.

डावखुरा
म्हणूनच मला बेटकास्टरवाल्यांचं नवल वाटतं. तेच लोक स्पिनिंगवर डाव्याने गुंडाळतात आणि बेटकास्टरवर उजव्याने.

जुनं_खोड
त्याला इतिहास आहे. आडवी, हॅण्डलच्या एका फेऱ्यात स्पूल अनेकदा फिरवणाऱ्या गिअरची रीळं आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या घड्याळ बनवणाऱ्या कारागिरांनी ती घडवली आणि हॅण्डल उजवीकडे हा पायंडा पडला. स्थिर स्पूलच्या, म्हणजे स्पिनिंगच्या प्रकारच्या रीळचं पेटंट इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ मध्ये घेतलं. बेटकास्टरवर अंगठा स्पूलवर ठेवून फेकायचं आणि मग काठी दुसऱ्या हातात द्यायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता डावी मॉडेलं सहज मिळतात, पण हात ऐकत नाहीत.

शांत_पाणी
फ्लायवाल्यांसाठीही (जड दोरीने हलकी कृत्रिम माशी फेकणाऱ्यांसाठी) लिहा कोणीतरी. मला उजवीकडचं हॅण्डल डावीकडे न्यायचंय. वर लिहिलंय तसं दोरीला हात लावायचा नाही ना?

उलटा_आटा
थांबा, फ्लायला सगळं उलट. तिथे दोरी पूर्ण काढावीच लागते.

फ्लाय रीळमध्ये हॅण्डल थेट स्पूलवर असतं, मधे गिअर नाही. हॅण्डल डावीकडे आणायचं तर अख्खं रीळ काठीवर उलटं फिरवून बसवावं लागतं. मग स्पूल उलट्या दिशेने फिरतं. दोरी खालच्या पुढच्या कडेने निघून काठीच्या पहिल्या कडीकडे जायला हवी; तशीच ठेवली तर ती वरच्या कडेने निघेल आणि रीळच्या पायाला घासेल. शिवाय ड्रॅगही फिरवावा लागतो. स्पूल काढा, आत मधोमध एक छोटं नळीसारखं एकाच दिशेने फिरणारं बेअरिंग दिसेल. बहुतेक मॉडेलमध्ये ते बाहेर ओढायचं, उलटं करायचं, परत बसवायचं. जुन्या टकटकणाऱ्या रीळांमध्ये बेअरिंगऐवजी त्रिकोणी खिट्ट्या असतात, त्या फिरवाव्या लागतात. सगळ्यांची रचना सारखी नसते, पत्रक बघून घ्या.

चुकलं तर लगेच कळतं: गुंडाळताना जड जातं आणि मासा ओढतो तेव्हा स्पूल फुकट पळतं. दोरी भरायच्या आधीच हाताने ओढून तपासा. भरताना आधी बॅकिंग (फ्लाय लाइनच्या मागे जोडलेली बारीक दोरी), मग फ्लाय लाइन, जाड-बारीक टोकांचा क्रम आधी होता तोच.

शांत_पाणी
म्हणजे एक संध्याकाळ गेली. ठीक आहे, धन्यवाद.

नवशिकी
सुटलं! घड्याळजी म्हणाले तसं रात्रभर ठेवलं, सकाळी मुळाशी कापड धरून दाब देत गेले आणि एकदम ‘कट्’ आवाज आला. मोडलं असं वाटून पोटात गोळा आला, पण तो आटे सुटल्याचा आवाज होता. दांड्यावर पांढरी भुकटी होती, अगदी सांगितली तशी. गंमत म्हणजे दांड्यावर आट्यांचे दोन टप्पे आहेत, मुळाशी जाड आणि टोकाला बारीक. त्यातला एकच घासलेला दिसतोय, दुसरा नवा कोरा.

घड्याळजी
बरोबर, एक टप्पा डावीकडे लागतो, एक उजवीकडे. जुन्या दातांच्या ब्रशने दोन्ही साफ करा, गिअरच्या भोकात कापडाची वात फिरवा. मग आट्यांवर पाण्याला दाद न देणारं ग्रीस, बोटाने पातळ थर. बसवताना पहिले दोन-तीन वेढे बोटांनीच द्या. अडलं तर मागे घेऊन पुन्हा. तिरकं चढवून जोर दिला की आटे गेलेच, आणि ते गिअरचे आटे असतात, म्हणजे दुरुस्ती गिअर बदलण्याची. मुळाशी पातळ वायसर असेल तर ती विसरू नका. काळी टोपी आता डावीकडे.

नवशिकी
बसलं. उजवीकडे एक दिवस गुंडाळून बघितलं आणि (जुनं खोड, रागावू नका) परत डावीकडे घेतलं. काठी बदलताना बेल पाडायचं विसरायला व्हायचं आणि दोरीचा गुंता. मूठ कोपराखाली टेकवल्यापासून टोकही फारसं डोलत नाही. दुसऱ्यांदा हॅण्डल काढायला जेमतेम मिनिट लागलं.
आता एकच शंका. खिट्टी बंद करून सहज हॅण्डल मागे मागे फिरवत होते तर ते सैल झालं. आटे खराब झालेत का?

उलटा_आटा
नाही. दोरीवर ताण नसताना रिकामं मागे फिरवलं की रोटरचं वजन हॅण्डलला सुटायच्या दिशेने अडवतं, म्हणून या पद्धतीचं हॅण्डल तसं सुटतं. काही लोकांना मासा ओढत असताना ड्रॅगऐवजी हॅण्डल मागे फिरवून दोरी सोडायची सवय असते. त्यांनी आरपार दांड्याचं रीळ घ्यावं. तुम्ही खिट्टी चालू ठेवा, ड्रॅग नीट लावा. आणि समुद्रावरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकं धुऊन, वाळवून, हॅण्डल एकदा अर्धा वेढा सैल करून परत आवळत जा. ग्रीस असलं तरी.

जुनं_खोड
रागावलो नाही. बेल हाताने पाडा, हॅण्डल फिरवून नको. दोरीला पीळ कमी पडतो आणि विसरायलाही होत नाही.

नवशिकी
हे करून बघते. भावालाही धागा पाठवलाय, त्याच्याकडे अशी न धुतलेली आणखी रीळं आहेत.